भाऊसाहेबांचा अकरावा नमुना

भाऊसाहेबांनी मला कधी 'शुभ सकाळ' पाठवलं नाही. ते लिंक पाठवायचे. रोज सकाळी सव्वासहाला मोबाईल एकदा वाजायचा, आणि लिंकखाली तीन ओळी असायच्या: हे काय आहे, कुणाच्या कामाचं आहे, आणि यात कुठं फसाल. सगळ्यात शेवटी, पंचनाम्याखाली सही करावी तसं एकच वाक्य, "उघडून पाहिले आहे. चालते." चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. आता तसं वाक्य कुणी सहज लिहिलं तरी मी फोन उलटा ठेवते, पण त्यात भाऊसाहेबांचा दोष नव्हता. म्हणजे, होता. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

पाथर्डीत तहसील कचेरीसमोर माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक प्रतिज्ञापत्र टाइप करायला येतात, काम झालं तरी रेंगाळतात, आणि मग पिशवीतून हळूच वही काढतात. "मॅडम, एक गोष्ट लिहिलीय. टाइप करून द्याल का?" चोरीचा माल दाखवावा तसा चेहरा असतो. मीही चोरून लिहिणाऱ्यांपैकीच, त्यामुळे मला ते चेहरे ओळखू येतात. अशा वहीवाल्यांचा मी एक व्हॉट्सॅप ग्रुप केला आणि त्याला 'कथा-ओसरी' नाव दिलं. त्यात एसटीचे एक कंडक्टर होते, एक अंगणवाडीसेविका होती, राळेगणच्या बाजूचे दूध डेअरीचे सचिव होते, चार शिक्षक होते. शिक्षक कुठेही चार असतातच.

भाऊसाहेबांनी मात्र जन्मात एक गोष्ट लिहिली नाही. ते निवृत्त तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला त्यांचा पेन्शनचा फॉर्म भरताना कळलं. त्या दिवशी दुकानात कंडक्टरांची कथा वाचून दाखवणं चाललं होतं. नायक एका ठरावीक तारखेला चांदण्यात विहिरीवर बसून रडतो, अशी जागा होती. भाऊसाहेबांनी फॉर्मवरून मान वर केली, मोबाईलवर काहीतरी उघडलं, आणि म्हणाले, "त्या दिशी आवस हुती. चांदनं कुठून आनलं तुमी?" कंडक्टर म्हणाले, गोष्ट आहे हो. भाऊसाहेब म्हणाले, "गोष्ट हाय म्हनूनच. खोटं लिव्हा, पन ते पटाया पायजे. अन् पटाया खरं म्हाईत पायजे." मग जुन्या तारखांची तिथी दाखवणारी ती वेबसाइट त्यांनी सगळ्यांना काढून दिली. मी त्यांना त्याच संध्याकाळी ग्रुपमध्ये घेतलं.

तेव्हापासून आमच्या गोष्टींना बरकत आली. डेअरीच्या सचिवांनी कोकणात बाजरी पेरली होती, त्यांना कुठल्या जिल्ह्यात काय पिकतं त्याचे नकाशे मिळाले. अंगणवाडीसेविका ऊसतोडीवरच्या बायकांवर लिहीत होती. तिच्या पात्रांच्या तोंडी शिक्षकांनी दुरुस्त केलेली भाषा येत होती. तिला त्यांनी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग कुठे ऐकायला मिळतात ते शोधून दिलं, आणि खाली लिहिलं, "शिक्षकांचे ऐकू नये, हिचे ऐकावे." चारही शिक्षक दोन दिवस रुसले होते. शब्दकोश, जुनी गॅझेटिअर, कुठल्या मासिकाला कशी कथा लागते, पंचनाम्यात नेमकं काय लिहितात, हे सगळं कुठल्या कोपऱ्यात फुकट पडलंय ते त्यांना ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तर चार दिवसांत व्हायचं. "सापडत न्हाई आसं नसतं ताई, शोधनारा दमतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या सगळ्याचे त्यांनी नमुने केले. तलाठ्याचं दप्तर नमुन्यांत असतं, प्रत्येक रजिस्टरला आकडा. भाऊसाहेबांनी आमच्यासाठी तसंच केलं. नमुना एक शब्दांचा, नमुना दोन तिथी आणि ऋतूंचा, तीन पिकांचा, चार कोर्ट-कचेरीचा, असं करत करत दहापर्यंत. ते सांगत, मी टाइप करत असे. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही नोंद ते घालू देत नसत. एकदा एका वेबसाइटसाठी त्यांनी मला तीन वेळा पान बदलायला लावलं, कारण ती मंगळवारी उघडत होती आणि गुरुवारी उघडत नव्हती. मी चिडले की म्हणत, "आपल्या कागदावर इसवास ठिवून मानूस चालतंय. त्याला खड्ड्यात न्हाई घालायचं."

त्यांची दुसरी एक सवय सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू झालं. कुणी काही मागितलं तर ते 'कशाला पाहिजे' असं कधी विचारत नसत. तरुणपणी वडिलांच्या एका उताऱ्यासाठी ते कचेरीत गेले होते आणि तिथल्या कारकुनाने सगळ्यांसमोर "कशाला पाहिजे रे तुला?" म्हणून त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. स्वतः तलाठी झाल्यावर त्यांनी ठरवलं की हा प्रश्न आपल्या तोंडून निघणार नाही. "मागनाऱ्याचं कारन मागनाऱ्यापाशी," म्हणायचे. सगळ्या सर्कलमध्ये याच गोष्टीसाठी त्यांचं नाव होतं, आणि मलाही ती मोठी गोष्ट वाटायची. आजही वाटते, म्हणून जास्त त्रास होतो.

दोन वर्षांपूर्वी पारनेरच्या बाजूचे एक गृहस्थ ग्रुपमध्ये आले. त्यांना मीच घेतलं. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना कादंबरीवाले म्हणत, कारण ते कादंबरी लिहीत होते. बोलणं अतिशय नम्र, अक्षर मोत्यासारखं. इतरांच्या कथा मनापासून वाचत, आणि भाऊसाहेबांची लिंक आली की पहिलं उत्तर त्यांचं असे. "आभारी आहे, भाऊसाहेब. फार उपयोगी." सव्वासहाला लिंक, सहा वाजून सोळा मिनिटांनी आभार. भाऊसाहेब मला कौतुकाने सांगत, "ह्यो मानूस खरा लिव्हनारा. लवकर उठतो."

कादंबरीत एक नवरा होता. त्याची बायको मुलीला घेऊन घरातून निघून गेली आहे आणि तो तिला शोधतो आहे. बस्स, एवढीच गोष्ट. पण लिहिलं असं होतं की टाइप करताना माझे डोळे भरून यायचे. तिची कपड्यांच्या घड्या घालण्याची पद्धत, ती भाजीत मीठ कमी घालते ते, मुलीची वेणी घालताना तोंडात रिबन धरते ते. इतकं बारीक पाहणारा नवरा आमच्यापैकी कुणालाच मिळाला नव्हता. अंगणवाडीसेविकेने तर लिहिलं, "अशा माणसाला सोडून ती गेलीच कशी?" त्यावर कादंबरीवाल्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. ती का गेली, हे मात्र कुठल्याच प्रकरणात येत नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी समजले, पुढे येईल.

मग त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, माझा नायक तिला शोधणार कसा? आजच्या काळात माणूस शोधायला काय काय उघडं असतं? भाऊसाहेबांची कळी खुलली. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय होतं? पंधरा दिवस खपून त्यांनी नमुना अकरा तयार केला. 'हरवलेले पात्र शोधणे.' कुठल्या सरकारी याद्या कुणालाही पाहता येतात, कुठल्या यादीत बापाचं नाव असतं, कुठलीत वय असतं, नऊ पानं भरली. मी टाइप केली. कादंबरीवाले मुद्दाम पाथर्डीला येऊन प्रत घेऊन गेले. मी ती स्पायरल करून दिली, वरती प्लॅस्टिकचं कव्हर लावून. त्यांनी भाऊसाहेबांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

जाताना म्हणाले, "एकच अडचण आहे. नायकाला शोधायला किती दिवस लागतील? एका दिवसात सापडली तर वाचकाला खोटं वाटेल, महिना लावला तरी खोटं वाटेल."

भाऊसाहेब म्हणाले, "पात्राचं नाव, बापाचं नाव, वय ठरीवलंय का? द्या. चालवून बघतो. किती येळ लागतो ते तरी कळंल."

"ती कर्जत तालुक्यात कुठंतरी गेलीय, एवढंच त्याला माहीत आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या.

दुसरा कुणी असता तर एक-दोन गावांचं पाहून अंदाज सांगितला असता. भाऊसाहेबांनी कर्जत तालुक्याचं एकेक गाव उघडून याद्या चाळल्या, पानामागून पान. चौथ्या दिवशी सव्वासहाला ग्रुपवर यादीचा फोटो आला. एका नावाभोवती लाल गोल काढलेला, वर गावाचं नाव स्वच्छ दिसत होतं, मिरजगावपासून थोडं आत असलेलं एक खेडं. खाली लिहिलं होतं, "नायकास तीन दिवस लागतील. मला लागले. चालते." सहा वाजून सोळा मिनिटांनी नेहमीचं उत्तर आलं नाही. त्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र आल्या होत्या.

सात वाजायच्या आत भाऊसाहेब माझ्या दारात उभे होते. एका पायात चप्पल, दुसऱ्यात त्यांच्या मुलाचा बूट. आत या म्हटलं तर येईनात.

"ताई, गोष्टीतली बाई यादीत कशी आसंल?"

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, नावासारखं नाव असेल.

"बापाचं नावबी तेच हाय. वयबी तेच हाय. पोरगीबी हाय." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मी फोटो पुसला. पन त्यानं बघितला हुता. ताई, मी त्याला बाई शोधून दिली."

माणूस घाबरला की हातपाय गाळतो, पण भाऊसाहेबांच्या अंगात त्या वेळी तलाठी जागा झाला. माझ्याच ओट्यावर बसून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. त्या गावच्या तलाठ्याचा नंबर एका जुन्या सहकाऱ्याकडून काढला, तलाठ्याकडून कोतवालाचा. कोतवाल म्हणजे गावातला सरकारी निरोप्या. त्याला एवढंच सांगितलं, "त्या बाईला म्हनावं, घरी थांबू नको. तुझा नवरा येतोय." मग आम्ही नगरची एसटी धरली, नगरहून सोलापूरची. नगरच्या स्टँडवर ते म्हणाले, "त्यानं माज्या पाया पडून घेतलं."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लिंबं निवडायच्या शेडला लागून तिची खोली होती, दार उघडं. कोतवाल बाहेर बसला होता. म्हणाला, "साडेसातला सांगितलं. तिनं पोरीचं दप्तर घेतलं अन् दुधाच्या टेम्पोत बसून गेली. नवाला तो आला मोटारसायकलवर. तवापासून पारावर बसलाय." तव्यावर एका बाजूने भाजलेली भाकरी तशीच होती. कढईत भाजी होती. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता, त्याला अजून चिमटे होते.

तेवढ्यात कादंबरीवाले आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावर तेच नम्र हसू. "अरे वा, भाऊसाहेब! मॅडमही आल्यात?"

"कशाला आलात तुमी हितं?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

कादंबरीवाल्यांनी चप्पल दाराशी काढली. ते आत गेले, कढईत बोट बुडवलं आणि चाखून पाहिलं. "मीठ अजून कमीच घालते," म्हणाले. मग रुमालाला बोट पुसत बाहेर आले. "भाऊसाहेब, तुमच्यामुळं इथवर तरी आलो. दोन वर्षं मला हे जमलं नव्हतं. पुढच्या प्रकरणाला आता तुम्हाला त्रास देणार नाही. तुमची पद्धत मला समजलीय." गाडीला किक मारून शांतपणे निघून गेले.

ठाण्यात भाऊसाहेबांनी जबाब दिला. "शोधून देनारा म्हनून माझं नाव लिव्हा," असा हट्टच धरला. ठाणे अंमलदार समजूतदार होता, पण त्याला हसू आवरेना. "बाबा, यादी सरकारी, बाई त्याची बायको, अन् तो म्हणतोय मी कादंबरी लिहितो. गुन्हा कुठला लावू?" शेजाऱ्यांकडून मात्र जे कळलं ते कादंबरीत नव्हतं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. दार आतून लावल्याशिवाय ती कधी झोपली नव्हती. मुलगी दोन वर्षांत कुणाशी मोठ्याने बोलली नव्हती. मी त्या माणसाची दोनशे पानं टाइप केली होती आणि रडले होते, हे मला आजही कुणाला सांगवत नाही.

मी ग्रुप बंद केला. अंगणवाडीसेविका तेवढी दुकानात येते, आता तिच्या बायका तिच्याच भाषेत बोलतात. भाऊसाहेबांनी दहा नमुन्यांच्या त्यांच्याकडच्या प्रती चुलीत घातल्या. शब्दकोशाने कुणाचं काय वाकडं केलं, मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. अकरावा मात्र ठेवला. रोज पहाटे उठून त्या नऊ पानांतली एकेक यादी उघडायची, तिचं नाव घालायचं, आणि मग मला एकटीला कळवायचं: "नोंद आढळली नाही." ज्या माणसाचं आयुष्य सापडण्याच्या आनंदावर गेलं, तो आता न सापडल्यावर चहा पीत होता. हे वर्षभर चाललं. माणूस निम्मा झाला होता. यंदाच्या थंडीत त्यांना झटका आला आणि नगरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर महिनाभराने दुकानात फोन आला. नंबर अनोळखी होता.

"झेरॉक्सवाल्या ताई का? भाऊसाहेबांचा फोन लागंना. ते म्हनले हुते, माझा न्हाई लागला तर हितं लावायचा."

मी सांगितलं, भाऊसाहेब गेले. पलीकडे, तिच्या मागे एक लहान मुलगी पाढे म्हणत होती, अगदी मोठ्याने.

मग ती हळूहळू बोलली. त्या दिवसानंतर तिने कोतवालाला फोन करून विचारलं होतं, मला वाचवणारं माणूस कोण. तेव्हापासून भाऊसाहेब तिच्याशी बोलत होते. वर्षात दोनदा तिचं नाव यादीत वर आलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी त्याच सकाळी तिला कळवलं, कुठल्या कागदामुळे दिसतेस ते सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिने गाव बदललं. म्हणजे त्या दोन दिवशीही त्यांनी मला "नोंद आढळली नाही" असंच लिहिलं होतं. क्षणभर मला वाईट वाटलं. मग वाटलं, बरोबर केलं. चार वर्षं जे सापडेल ते सगळ्यांना वाटणाऱ्या माणसाने या दोन गोष्टी माझ्यापासूनसुद्धा लपवल्या. त्यांच्यावर माझं इतकं प्रेम त्या आधी कधी बसलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "मंग आता मला कोन सांगंल?"

मी सांगेन, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कुठं आहेस ते सांगू नको, एवढंही सांगितलं.

नमुना अकराची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे, मीच टाइप केलेली. मला भाऊसाहेबांएवढी चिकाटी नाही. पानं चाळता चाळता डोळ्यांसमोर अक्षरं हलतात आणि एखादं नाव नजरेतून सुटलं तर नाही ना, म्हणून पुन्हा मागे जाते. सकाळी शटर वर केलं की आधी तेच करते, कचेरीची माणसं येण्याच्या आत. आजपर्यंत नोंद आढळली नाही. पण त्या नऊ पानांची दुसरी प्रत, मीच स्पायरल केलेली, अजून त्या माणसाकडे आहे, आणि तो माझ्याआधी उठतो.